चाळीस मिनिटांचं अंतर

विमानातून सगळ्यात शेवटी उतरला तो मरून कपड्यांतला एक म्हातारा लामा. शिडीकडे तोंड करून, एक एक पायरी चाचपत तो खाली आला, मागून वैमानिकानं त्याची संत्र्यांची करंडी दिली. मग वैमानिक उतरला, त्यानं स्वतःच दार लावलं आणि टोपी काढून डोकं खाजवत तो पडवीकडे चालू लागला.

त्याच्यामागे कुणीच नव्हतं.

मी तारेच्या कुंपणाला चिकटून उभी होते. रेवा कडेवर, माझं मंगळसूत्र चघळत. नामसोऱ्याचा विमानतळ म्हणजे एक पत्र्याची पडवी, एक दार आणि गवतातून गेलेली धावपट्टी. लपायचं म्हटलं तरी माणसाला जागा नाही. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला.

"उतरलो बघ," श्रीरंग म्हणाला. "सामान घेतो, रिक्षा बघतो. अर्ध्या तासात घरी."

"कसा झाला प्रवास?" मी विचारलं. माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्या बाईचा वाटला.

"मस्त. आभाळ अगदी स्वच्छ. चाळीस मिनिटांत टेकलो. रेवा काय करतेय?"

"झोपलीय."

फोन बंद केला. मागे अक्काताई मगदूम छत्री धरून उभ्या होत्या. आमच्या शेजारीण, शिरोळच्या. त्यांचे यजमान लष्करात सुभेदार, त्यामुळे आसामच्या या कोपऱ्यात त्यांना तिसरं वर्ष चाललेलं. कराडहून आलेल्या मला पहिल्याच आठवड्यात त्यांनी धाकटी बहीण करून टाकलं होतं.

"काय म्हणतोय?"

"उतरलो म्हणतोय."

"कशातनं?" अक्काताई म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून छत्री माझ्यावर धरली. "चल. त्याच्या आधी घरी पोचाय पायजे. आणि एक शब्द बोलू नकोस. चोराला आधी बोलू द्यायचं असतंय."

निघताना मी एकदा वळून पाहिलं. पडवीत आता वर जाणाऱ्यांची रांग लागली होती. एवढ्याशा विमानाचं सगळंच निराळं. वखारीत असतो तसला गोल तबकडीचा काटा, आणि प्रत्येकानं आपली बॅग हातात घेऊन त्यावर चढायचं, माणूस आणि सामान एकदमच. एका लठ्ठ ठेकेदाराला कारकुनानं मधल्या खुर्चीवर बसायला सांगितलं, तशी रांग हसली. ठेकेदारही हसला. "डोंगर चढायचाय, तर मला खाली ठेवूनच जा," म्हणाला.

मी हसले नाही. 

श्रीरंग बँकेत होता. लग्नाला दोन वर्षं होतायत तोवर त्याची बदली तेलियांगला झाली, डोंगरात, जिथं बँकेची एकच शाखा, शाखेत एकच फोन आणि मोबाईलला रेंज नाही. रेवा तेव्हा पोटात. तेलियांगला डॉक्टर असला तर असायचा. म्हणून मी खाली नामसोऱ्याला राहायचं ठरलं, मोठं हॉस्पिटल होतं म्हणून. माझे वडील म्हणाले होते, मुलीला कराडलाच राहू द्या. तेव्हा श्रीरंगनं माझ्या कॉलेजातला जुना नकाशा जमिनीवर पसरला आणि दोन ठिपक्यांमध्ये बोट ठेवलं. "बाबा, विमानानं चाळीस मिनिटं. कराडहून साताऱ्याला जायला याहून जास्त लागतात. हिनं हाक मारली की मी हजर."

त्या चाळीस मिनिटांच्या भरवशावर मी परमुलखात राहिले. बाळंतपण केलं. रात्री रेवा रडली, की अंधारात मी स्वतःला समजवायची, चाळीस मिनिटं.

पण मी भूगोल शिकलेली आहे. आणि आई झाल्यापासून मला एक खोड लागली होती, सगळं नीट बघायची. दूध किती उरलं, ताप किती, दाराला कडी आहे ना. त्याच डोळ्यांनी मी नवऱ्यालाही बघू लागले. महिन्याकाठी तो यायचा. दोनच दिवसांची रजा मिळते म्हणायचा. विमानातून उतरलेल्या माणसाच्या पँटीच्या मुडपीत आतपर्यंत तांबडी माती कशी? शर्टाला डिझेलचा वास कसा? परत जाताना तो अंधार असतानाच निघायचा, विमान दुपारचं असलं तरी. "लवकर बोलावतात," म्हणायचा. मी सोडायला येते म्हटलं की, "उन्हात पोरीला कुठं घेऊन येतेस?"

आणि या बुधवारी रेवाला ताप आला. मी बँकेत फोन लावला. पहारेकरी थापानं उचलला. "साहेब? साहेब तर आज पहाटेच निघाले, तुमच्याकडेच!"

विमान होतं गुरुवारी.

बुधवारभर आणि बुधवारची रात्र माझा नवरा कुठे होता, हे विचारायला मी गुरुवारी, रेवाचा ताप उतरल्यावर, कुंपणापाशी गेले होते.

तो आला, तेव्हा मी भांडी घासत होते. तशी काही गरज नव्हती, पण हात ओले असले की चेहऱ्याकडे कुणी बघत नाही.

"अगं, झोपली नाहीये ही!" त्यानं रेवाला उचललं, हवेत धरलं. रेवा आधी बिचकली, मग खिदळली. मग त्यानं बॅगेतून एक टोपी काढली. लाल लोकरीची, कानांवरून येणारी, वर पांढरा गोंडा. हातानं विणलेली.

"कुठनं आणलीस?"

"एका दीदीनं दिली. रेवासाठी मुद्दाम विणली."

"कुठली दीदी?"

"आहे एक. येता-जाता भेटते." आणि तो पटकन म्हणाला, "चहा दे ना."

येता-जाता. चाळीस मिनिटांच्या विमानात येता-जाता कोण बाई भेटते, माझ्या मुलीच्या डोक्याचं माप घेऊन बसलेली? मी चहा ठेवला. साखर घालायची विसरले, तो तसाच प्यायला आणि चांगला झालाय म्हणाला. तेही मला खोटंच वाटलं.

"श्रीरंग, विमानात सामान किती चालतं रे?" मी पाठमोरीच विचारलं.

"का? दहा-पंधरा किलो चालत असेल."

"असेल?"

"चालतं. पंधरा."

"आणि माणसाचं?"

"माणसाचं काय?"

"वजन."

तो हसला. "माणसाला कोण मोजतंय! तू पण ना."

मी गॅस बंद केला. एकदा चुकलेला माणूस मला समजला असता. पण ज्यानं तो काटा पाहिलाच नव्हता, तो आजच नाही, कधीच त्या विमानातून आला नव्हता. दहा महिने. प्रत्येक वेळी.

जेवताना त्यानं स्वतःहून विषय काढला. तेलियांगला क्वार्टर मिळालं होतं, आता डॉक्टरही कायमचा आला होता. "तुम्ही दोघी सोमवारच्या विमानानं या. मी शनिवारी पुढे जातो. बँकेची जीप खाली आलीय, तिच्यातनं सामान नेतो, घर लावून ठेवतो."

"आपण तिघं बरोबर जाऊ की."

"अगं, घर आवरायला नको?"

दुसऱ्या दिवशी हे अक्काताईंना सांगितलं, तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. काडी मोडून माझ्याकडे रोखून बघितलं. "घर आवराय पुढं जातोय? आमचा सुभेदार पंचवीस वर्सं नोकरीत हाय, एकदा पुढं जाऊन घर आवरलं न्हाई त्यानं. बाप्याला घर कवा आवरावं वाटतंय? आत कुणाचं काय पडलेलं असलं तरच."

"अक्काताई, नका ना असं बोलू."

"मी बोलत न्हाई, तुझं तोंड बोलतंय. बाजारात जा, त्याचं बी तिकीट काढ. बघू काय करतोय."

मी काढलं. संध्याकाळी त्याच्या पुढ्यात ठेवलं. "सामान जीपनं जाऊ दे, ड्रायव्हर आहे ना. सोमवारी आपण तिघंही एकत्र. तुझ्या चाळीस मिनिटांत."

त्यानं तिकीट उचललं, स्वतःचं नाव वाचलं. बराच वेळ वाचत होता, जणू नाव फार लांबलचक होतं. मग म्हणाला, "बरं."

त्या तीन दिवसांत तो नीट जेवला नाही. रेवाला मांडीवरून खाली ठेवेना. मी दारातून बघायची आणि मनाशी म्हणायची, पकडला गेलाय. त्या बाईला कसं कळवायचं याचा विचार करतोय. एकदा तो फोन घेऊन अंगणात गेला, तर मी पडद्याआड उभी राहिले. तो घड्याळाच्या काट्यासारखा एका जागी फिरत होता, बोलत कुणाशीच नव्हता. मला तरी राग यायचा थांबेना. मी मनात बोलणी रचून ठेवली होती. तेलियांगला उतरल्यावर, माणसांत, मी ती त्याला ऐकवणार होते. आणि तिथूनच परतीच्या विमानानं रेवाला घेऊन कराड गाठणार होते. माझी कपड्यांची पिशवी मी जीपमध्ये जाऊ दिली नव्हती.

सोमवारी अक्काताई आम्हाला सोडायला आल्या. पडवीत रांग होती. पुढे एक फौजी, मग आम्ही. आधी रेवाला कडेवर घेऊन मी काट्यावर चढले. कारकुनानं रेवाचा गाल ओढला, आकडा लिहिला. "आता साहेब."

श्रीरंगनं आपली बॅग काट्यावर ठेवली आणि बाजूला उभा राहिला.

"तुम्हीही साहेब. बॅग हातात घ्या आणि चढा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. घरातला तो प्रश्न त्याला आठवला असावा, कारण त्याचे कान लाल झाले. मी नजर हटवली नाही. तो बॅग उचलून काट्यावर चढला.

कारकून तबकडीकडे वाकला. पेन तसंच धरून थांबला. "साहेब, हलू नका."

"हलत नाहीये," श्रीरंग म्हणाला.

"काटा ठरत नाहीये, साहेब. जरा स्थिर उभे राहा."

तबकडीवरचा काटा थरथरत होता. पुढे जाई, मागे येई. मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. मी श्रीरंगच्या पायांकडे पाहिलं. मग गुडघ्यांकडे. मग बॅगेच्या पट्ट्याभोवती आवळलेल्या, पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता, आणि पडवीत हवा चांगली गार होती. हे पकडल्या गेलेल्या माणसाचं भय नव्हतं. असं भय मी फक्त एकदा पाहिलं होतं, टोचून घ्यायच्या वेळी सुई दिसल्यावर रेवाच्या डोळ्यांत.

तो काट्यावरून उतरला, बाकापर्यंत गेला आणि बसला.

इतके दिवस रचलेलं सगळं विसरून माझ्या तोंडून एकच प्रश्न निघाला. "कोण आहे ती?"

"कोण?"

"टोपीवाली."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "शलाका... साठीची आहे ती. दात नाहीत तिला." मग त्याला काय ते उमगलं. "तुला असं वाटलं?"

"मग काय वाटायला हवं होतं? गुरुवारी मी इथं होते. त्या कुंपणापाशी. तू फोन केलास तेव्हा."

त्यानं डोळे मिटले. "बाजारात जीप लागते. विमानाचा आवाज आला की मी तुला फोन करतो."

"जीप?"

"रस्त्यानं येतो मी. पहिल्यापासून. अंधार पडला की वरचा रस्ता बंद करतात. मधे पुलापाशी दीदीचं चहाचं दुकान आहे, तिच्या ओसरीवर झोपतो. दोन दिवस लागतात. जायला दोन." तो रेवाच्या पायातल्या मोज्याशी चाळा करत होता. "दोनदा तिकीट काढलं होतं. तेलियांगच्या फाटकापासून माघारी फिरलो. कारण विचारू नकोस, कारण नाहीये. असतं तर सांगणं सोपं गेलं असतं. दार लावणार, आणि आपण आत, एवढं मनात आलं तरी..."

"मला का नाही सांगितलंस?"

"बाबांना मी चाळीस मिनिटं सांगितली होती. त्या हिशेबावर तू इथं राहिलीस."

शेजारी फौजी होता, कारकून होता, अक्काताई छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकून ऐकत होत्या. मला कशाचं भान नव्हतं. एक राग गेला होता आणि त्याच्या जागी दुसरा, त्याहून मोठा, उभा राहिला होता.

"म्हणजे ज्यात तू पाय ठेवत नाहीस, त्यात मला आणि या एवढ्याशा जिवाला बसवून देणार होतास? एकटीला?"

"हो," तो म्हणाला. लगेच. "कारण तू तो रस्ता पाहिला नाहीस."

"काय आहे रस्त्याला?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "मागच्या महिन्यात आमच्या पुढे एक जीप होती. लाल. एका वळणावर दिसली. पुढच्या वळणावर आम्ही पोचलो, तर दिसली नाही." त्यानं रेवाचा मोजा वर ओढला. "विमान चांगलं आहे, शलाका. मला माहीत आहे ते. मी दर खेपेला बँकेच्या खिडकीतून बघतो, येतं आणि जातं. भीती माझी आहे, विमानाची नाही. रेवाला मी त्या रस्त्यावरनं नेणार नाही. तू भांडलीस तरी नाही."

पंखे फिरायला लागले. कारकुनानं हाक मारली, "मॅडम, येताय का?"

मी अक्काताईंकडे पाहिलं. इतके दिवस ज्यांच्या जिभेला खळ नव्हता, त्या बाई नाक ओढत होत्या. "जा बाई," म्हणाल्या. "दाजींना मी घरी नेते. चार घास घालते पोटात. उद्या जीपला बसवून देते." आणि त्याच्याकडे वळून, "उठा दाजी. आणि पुन्हा असलं सोंग केलंसा तर माझ्याशी गाठ हाय."

मी कपड्यांची पिशवी उचलली आणि शिडी चढले.

खिडकी माझ्याच बाजूला होती. नामसोरा, नदी, भाताची खाचरं मागे पडली आणि डोंगर सुरू झाले. कॉलेजात असताना आम्ही नकाशावर अंतर मोजायचो ते दोऱ्यानं. सरळ अंतराला दोरा ताणून धरायचा. रस्त्याच्या अंतराला तोच दोरा प्रत्येक वळणावर वाकवत न्यायचा. पहिल्या महिन्यात मी दोरा ताणूनच मोजला होता, समाधान झालं आणि नकाशा मिटला. दुसऱ्यांदा मोजायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

आता तो दुसरा दोरा खाली पडलेला होता. तांबडा, बारीक. एका डोंगराच्या कुशीत शिरायचा, आणि बघावं तर पुन्हा त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, तितक्याच उंचीवर. आम्ही एक दरी सरळ ओलांडली. दोरा तिच्या तळापर्यंत उतरला आणि पलीकडून वर आला. मधेमधे तो तुटलेला होता. वरून माती ओघळून आलेली, ताज्या जखमेसारखी, आणि त्या मातीवरूनच पुढे कुणीतरी चाकांची वाट काढलेली. एका ठिकाणी पूल दिसला, काडीएवढा, आणि त्याच्या टोकाला एक पत्रा चमकला. त्या पत्र्याखाली एक दात नसलेली बाई असेल, लोकर घेऊन बसलेली.

रेवा माझ्या छातीवर झोपली. मी डोळे मिटले नाहीत. तो रस्ता एकदाही नजरेआड होऊ दिला नाही.

तेलियांगला थापा घ्यायला आला होता. क्वार्टर झाडलेलं होतं. खिडक्यांना रेवाच्या उंचीपर्यंत श्रीरंगनं आधीच जाळी ठोकलेली होती, खिळ्यांची टोकं आतून वाकवून, हाताला लागू नयेत म्हणून. मी पिशवीतले कपडे काढून कपाटात ठेवले.

त्या गावी आम्ही चार वर्षं राहिलो. श्रीरंग कधी विमानात बसला नाही, आणि मीही त्याला कधी तो आग्रह केला नाही. तो खाली गेला, की परतीच्या दिवशी दुपारपासून मी जीपच्या थांब्यावर असायची. विमानाच्या आवाजाकडे माझे कान कधी गेले नाहीत. कान असायचे ते घाटाकडून येणाऱ्या गिअरच्या घरघरीकडे.

पहिल्यांदा गेले ती त्याच आठवड्यात, बुधवारी. ओला टॉवेल घेऊन, रेवाच्या डोक्यावर लाल टोपी चढवून. ऊन उतरलं तरी जीप येईना. दोघातिघांना विचारलं, तर म्हणाले, येईल, कधीकधी उशीर होतो. मी नखं खाऊन संपवली. मग वळणावर एक जीप दिसली. पुढच्या वळणावर पुन्हा दिसली.

मागच्या फळीवरून तो उतरला. केसांपासून पापण्यांपर्यंत तांबडा. रेवानं त्याला ओळखलंच नाही, भोकाड पसरून माझ्या मानेला मिठी मारली. तो दोन पावलांवर थांबला, जवळ यावं की नाही अशा संभ्रमात, बॅग पोटाशी धरून.

"उतरलो बघ," तो म्हणाला.

मी टॉवेल पुढे केला.